पक्ष्याला तीनचाकी शिकवायची असेल तर

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक गृहस्थ आमच्या घरी आले. हातात बुटांचं खोकं, खोक्याला पेनानं पाडलेली भोकं. आत सन कोन्यूर, म्हणजे हल्ली घरोघरी दिसतो तो पिवळा-केशरी परदेशी पोपट, आणि सोबत ऑनलाइन मागवलेली प्लॅस्टिकची इवलीशी तीनचाकी. पक्ष्याचे दोन्ही पाय पेडलांना रबरबँडनं बांधलेले. "काका, मोबाइलवर बघतो तर पोपट मस्त चालवतात. हा नुसता किंचाळतोय. तुम्ही सर्कशीत होतात ना, जरा बघता का?"

मी आधी नखं कापायची छोटी कात्री आणून रबर कापले. डाव्या पायाच्या मागच्या बोटावर लाल वळ उठला होता. सुटल्यासरशी पक्षी खोक्याच्या कोपऱ्यात गेला आणि अंग चिंचोळं करून, पिसं अंगाला चिकटवून, चोच अर्धवट उघडी ठेवून बसून राहिला. ते गृहस्थ काही वाईट नव्हते. मुलीसाठी हौसेनं पक्षी आणलेला. रबर बांधू नये हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासारखे आणखी पुष्कळ जण असणार, म्हणून मला येतं ते लिहून काढतो आहे.

मी सांगली जिल्ह्यातला. आपल्याकडच्या सर्कशीची सुरुवातच या भागातली. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास पहिला खेळ लावला, आणि पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली. त्यामुळे आमच्या गावात सर्कशीत जाणं म्हणजे घर सोडून पळून जाणं नव्हतं, मामाच्या ओळखीनं कामाला लागणं होतं. मी चौदाव्या वर्षी गेलो. पहिली दोन वर्षं अस्वलांकडे होतो. मग पक्ष्यांचा आयटम करणारे एक मास्तर होते, त्यांच्या हाताखाली आलो. मास्तर केरळातले, तलश्शेरीचे. मल्याळी हेल काढून फर्डं मराठी बोलायचे. काकाकुवा आणि मकाव एवढ्याशा गाड्या चालवायचे, घंटा वाजवायचे, झेंडा वर चढवायचे. पुढे लिहिलेली पद्धत बरीचशी त्यांची, थोडी माझी.

पण अस्वलाचं आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

वादी

अस्वलाची तीनचाकी लोखंडी असायची, बुटकी, मागची चाकं लांब लांब. पेडल थेट पुढच्या चाकालाच बसवलेलं, लहान मुलांच्या तीनचाकीला असतं तसं. अशा गाडीत पेडल मोकळं फिरत नाही. चाक फिरलं की पेडल फिरतं आणि पेडलावरचा पाय फिरतो, पायाची इच्छा असो वा नसो. अस्वलाच्या तोंडाला मुसकं, मागचे पाय वादीनं, म्हणजे चामड्याच्या पट्टीनं, पेडलांना आवळलेले. पुढून एकजण दोरी धरून ओढायचा, मागून एकजण रेटायचा, आणि लोकांना दिसायचं की अस्वल सायकल चालवतंय. महिनोन् महिने असं झाल्यावर ते स्वतःही पाय मारायला लागायचं. तेव्हा दोरी सुटायची. वादी मात्र राहायची.

वादी आवळणं हे माझं काम. अस्वलाचा तळवा माझ्या हातात यायचा. माणसाच्या पावलासारखाच लांबट, काळा, भेगाळलेला, कोमट. नखं मुळात चांगली बोटभर लांब, पण पेडलात अडकतात म्हणून कापून बुटकी केलेली. वर्षभरानं असं झालं की मी खाली बसलो की ते अस्वल स्वतःच पाय उचलून पुढे करायचं. सगळे म्हणायचे, बघा, किती शहाणं झालंय, त्यालाच आवडतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पुढे मास्तरांकडे काम केल्यावर कळलं. पाय दिला काय, न दिला काय, वादी बसणारच, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून ते पाय देत होतं.

१९९८ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळासाठी शिकवायला नि त्यांचे खेळ करायला बंदी आली. सर्कसवाले कोर्टात गेले, पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम केली. बरं झालं. मी त्या धंद्यात भाकरी खाल्ली आहे आणि तरी म्हणतो, बरं झालं.

आता हे पक्ष्याच्या माहितीत कशाला? कारण माझी सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. गाडीवर चढलेल्या पक्ष्याला कुठल्याही क्षणी, अगदी अर्ध्या फेरीतही, उतरून जाता आलं पाहिजे. पाय बांधायचा नाही, पंख कापायचे नाहीत, पाठीवर हात ठेवून दाबायचं नाही. मास्तर म्हणायचे, "दार उघडं ठेव, मग बोलाव." गाडीची बांधणी, दाण्याचा आकार, शिकवणीची वेळ, सगळं त्याच हिशेबानं करायचं.

कोणता पक्षी

आपला हिरवा पोपट, लाल कंठाचा, तो नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पाळायला बंदी आहे. बाजारात मिळतो म्हणून तो चालतो असं नाही. परदेशी पक्ष्यांपैकी सन कोन्यूर किंवा कॉकटील, म्हणजे तो तुरेवाला छोटा पोपट, घ्या. सन कोन्यूर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत येतो, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडून पावती घ्या. आणि तिकीट लावून लोकांना खेळ दाखवायचा असेल, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. घरात पोरांपुढे चाललेली गंमत वेगळी आणि तिकिटाचा खेळ वेगळा.

मी पुढे सगळी मापं कोन्यूरची देतो, कारण आमच्याकडे तोच आहे. नातीनं नाव ठेवलंय केशर. या जातीत नर-मादी दिसण्यावरून कळत नाही, नाव बाईचं म्हणून आम्ही 'ती' म्हणतो. वजन ११८ ग्रॅम. हे वजन तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर एक लाकडी दांडी ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि रोज सकाळी खाण्याआधी पक्ष्याला दांडीवर बसवून वजन वहीत लिहा. नेहमीच्या वजनापेक्षा दहावा हिस्सा कमी झालं, म्हणजे केशरचं १०६ च्या आसपास आलं, तर शिकवणी बंद आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून तो गुबगुबीतच दिसतो. काटा लपवत नाही.

उपाशी ठेवून शिकवणारे लोक मी पाहिले आहेत. लवकर शिकतो, खरं आहे. पण तसा पक्षी भुकेपायी गाडीवर चढतो, आणि भुकेची वादी चामड्याच्या वादीपेक्षा वेगळी नाही. शिकवणी फक्त सकाळच्या खाण्याच्या आधी घ्या, म्हणजे रात्रभराची साधी भूक असते, तेवढी पुरते.

गाडी

ऑनलाइन मिळणाऱ्या गाड्या मला पसंत नाहीत. बहुतेकांची रुंदी कमी, त्यामुळे कलंडतात. पेडल गुळगुळीत प्लॅस्टिकचं, त्यावर पक्ष्याची पकड बसत नाही, आणि पकड बसत नाही म्हणून मग लोक पाय बांधतात. गाडी नीट असेल तर बांधायचा विचारच मनात येत नाही.

पक्ष्याचा पाय आधी नीट बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. तो जमिनीवर ठेवायचा पाय नाही, फांदी धरायचा पाय आहे. म्हणून पेडल सपाट नको, गोल नळी हवी, साधारण १२ मिलिमीटर जाडीची. मी बांबूची नळी घेतो आणि तिच्यावर सुती दोरा शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळतो. टोकं आत खोवायची, सुटं सूत बोटात अडकता कामा नये.

मास्तरांच्या गाडीत पेडल मागच्या आसाला, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या सळईला, असायचं, पुढच्या चाकाला नाही. यात मोठं शहाणपण आहे. पक्षी पेडलांवर उभा राहतो, गाडीला बैठक नसतेच. म्हणजे त्याचा सगळा भार पेडलांवर. तो मागच्या दोन चाकांच्या मधोमध पडला तर गाडी बाजूला कलंडत नाही. पुढचं चाक नुसतं वाट दाखवायला.

आस म्हणजे ४ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई. तिला दोन वाक द्यायचे, एक वर, एक खाली, मधे सरळ भाग. वाकाची उंची १२ मिलिमीटर ठेवा. जास्त ठेवली तर पक्ष्याला पाय फार उचलावा लागतो आणि तो उतरून जातो. आणि एक विसरू नका. बांबूच्या नळ्या सळई वाकवायच्या आधी ओवायच्या. मी पहिल्या खेपेला आस सुंदर वाकवून घेतला आणि नळी हातात घेऊन बघतच राहिलो. नळी उभी चिरून, सळईवर बसवून, वरून दोरा गुंडाळला. तीन दिवसांत चीर उघडली आणि केशरचं बोट तिच्यात चिमटता चिमटता राहिलं. नवीन सळई आणली.

चाकं लाकडाची, ८ सेंटिमीटर व्यासाची. एखाद्या कातारी काम करणाऱ्याला सांगा, लाटणं-रवी करणारा सहज करून देतो. वाळलेलं आंब्याचं लाकूड चालतं. रंग नाही, पॉलिश नाही, कारण पक्षी हे सगळं चोचीनं कुरतडणार. दोन चाकांमधलं अंतर १४ सेंटिमीटर, म्हणजे कोन्यूरची लांब शेपटी मधे आरामात मावते. आता महत्त्वाचं म्हणजे मागच्या दोनपैकी एकच चाक आसाला पक्कं करायचं. दुसरं मोकळं फिरू द्यायचं, नुसतं बाहेर निसटू नये एवढी सोय करायची. दोन्ही पक्की केली तर वळताना एक चाक घासतं, गाडी अडते, आणि पक्ष्याला वाटतं आपलं काही चुकलं.

सांगाडाही त्याच सळईचा, गाडीची लांबी साधारण २० सेंटिमीटर. फॅब्रिकेशनवाल्याकडे आर्गॉन वेल्डिंग करून घ्या. कथलाचा डाग नको, त्यात शिसं असतं. जी.आय. तार नको, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. दोन्ही पक्ष्याच्या पोटात गेलं तर विष आहे, आणि पोपटजातीचा पक्षी सळई दिवसातून दहा वेळा चोचीत धरणार. हँडलची उंची तुमच्या पक्ष्यावरून ठरवा. तो दांडीवर बसून दाण्यासाठी पुढे वाकतो तेव्हा मागे कागद धरून चोचीच्या उंचीला पेन्सिलनं खूण करा. पायापासून त्या खुणेपर्यंतची उंची, तीच पेडलापासून हँडलची. हँडललाही सुती दोरा गुंडाळा.

चाकं गुळगुळीत सनमायक्यावर घसरतात. टेबलावर पातळ सतरंजी ताणून चारी कोपऱ्यांना चिमटे लावा. ८ सेंटिमीटरचं चाक एका फेरीत पाव मीटर जातं, म्हणजे सव्वा मीटरच्या टेबलाची लांबी पाच फेऱ्यांत संपते. सुरुवातीला एवढं टेबल लागतही नाही.

शिकवणी

पहिले दहा-पंधरा दिवस गाडी कपाटातच. तुम्ही नुसते पिंजऱ्याशेजारी बसा, वर्तमानपत्र वाचा, बोला. मग एक आवाज ठरवा. मी बॉलपेन वापरतो, टिक्. टिक् वाजलं की लगेच दाणा. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चार-पाच दिवसांत टिक् ऐकताच पक्षी मान वळवून हाताकडे बघायला लागतो. आता त्या आवाजाचा अर्थ ठरला की जे केलंस ते बरोबर, दाणा येतोय. पुढे गाडी चालत असताना नेमकं काय बरोबर झालं हे सांगायला दाण्याला उशीर होतो, टिक् ला होत नाही.

दाणा म्हणजे सूर्यफुलाच्या सोललेल्या बीचा चौथा हिस्सा. अख्खी बी दिलीत तर ती खाण्यातच अर्धं मिनिट जातं आणि पोटही भरतं. केशरला डाळिंबाचा दाणा जास्त आवडतो, पण त्याचा रस सतरंजीवर सांडतो.

मग कुल्फीची काडी घ्या. काडीच्या टोकाला चोच लावली की टिक्, दाणा. काडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग दोन पावलं पुढे. पक्षी काडीमागे चालायला लागला की अर्धं काम झालं, कारण आता त्याला कुठेही हातानं उचलून ठेवायची गरज नाही. तो आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो.

गाडी पहिल्यांदा काढाल तेव्हा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवा. काही करू नका. केशर पहिल्या दिवशी एका जागी थिजून नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी एक वीतभर जवळ. चौथ्या दिवशी तिनं हँडलवर ठेवलेला दाणा मान लांब करून उचलला आणि उलट्या पावली मागे पळाली. मी टिक् वाजवलं. या टप्प्याला घाई केलीत तर पुढे महिना जातो, हे मी अनुभवानं सांगतो.

आता चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर मारून गाडी एका जागी पक्की करा. पेडल वर-खाली नको. आस असा ठेवा की एक पेडल पुढे, एक मागे, पण दोन्ही एकाच उंचीला. काडी हँडलच्या पुढे धरा. पक्षी एक पाय पेडलावर ठेवील. टिक्. उतरू द्या. पुन्हा. दोन्ही पाय आले की टिक् आणि दाणा हँडलच्या बाजूलाच द्या, म्हणजे तो तिथं उभा राहून खाईल. मग हँडल चोचीत धरणं. चोच लागली की टिक्, मग एक आकडा मोजेपर्यंत धरलं की टिक्, मग तीन. यात आठवडा जाऊ शकतो. जाऊ द्या.

पाचर काढायचा दिवस जरा जड असतो. तुमचं एक बोट मागच्या दांडीवर ठेवा आणि गाडी किंचित सरकवा, सुपारीएवढीसुद्धा नाही, तिच्या निम्मी. पायाखालची फांदी हलली असं पक्ष्याला वाटतं. केशर भुर्रकन उडून पडद्याच्या दांडीवर गेली. मी गाडी तिथंच ठेवली, पाचर परत मारली आणि त्या दिवशी फक्त चढणं-उतरणं केलं. तिसऱ्या दिवशी हललं तरी ती थांबली. इथं कुणी कुणी दुसरा हात पक्ष्याच्या पाठीवर ठेवतात, "पडेल ना" म्हणून. तो हात काढा. पडत नाही, त्याला पंख आहेत.

बोटानं फिरवताना पाय आपोआप फिरतात, आणि इथंच फसगत होते. व्हिडिओ काढला तर पक्षी सायकल चालवतोय असंच दिसतं. पण तो चालवत नाही, तुम्ही चालवताय. अस्वलाची दोरी आणि तुमचं बोट यांत इथवर काही फरक नाही, फक्त पक्षी उतरू शकतो एवढाच. म्हणून बोट लवकर काढायला शिका. पेडल वरून खाली यायला सुरुवात झाली, की बोट थांबवा. काढू नका, नुसतं थांबवा. आणि वाट बघा.

केशरचं ते मला अजून दिसतं. उजवं पेडल वर होतं. माझं बोट थांबलं. ती हँडल चोचीत धरून उभी, डोळ्यातली काळी बाहुली लहान-मोठी होत होती. तिनं मान किंचित उजवीकडे टाकली. भार उजव्या पायावर आला, नळीवरची चारी बोटं आवळली, आणि पेडल जरासं खाली गेलं. गाडी दोन सेंटिमीटर सरकली. टिक्! मी इतका हरखलो की दाणा हातातून सतरंजीवर पडला. ती उतरली, दाणा शोधून खाल्ला, आणि न बोलावता परत गाडीवर चढली. मी काडीही धरली नव्हती.

त्यानंतर काम सोपं असतं. प्रत्येक दाबाला टिक्, मग दोन दाबांना एक, मग कधी दोनला कधी चारला, म्हणजे पक्षी मोजत बसत नाही. केशरला सगळं मिळून सात आठवडे लागले. माझ्या भाच्याच्या कॉकटीलला चार महिने लागले. शेजारचा एक कोन्यूर कधीच शिकला नाही, गाडी हलली की उतरायचा. त्याला आम्ही रंगीत रिंगा खुंटीत घालायला शिकवल्या, त्यात तो रमला. उतार करून गाडी आपोआप चालवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. उतारावर गाडी पळते, पक्ष्याला ती थांबवता येत नाही, आणि एकदा तसा घाबरला की गाडी बघूनच किंचाळतो.

थांबायचं कधी

पिसं अंगाला चिकटली, अंग लांब-बारीक झालं, तो मागे झुकला, चोच उघडी ठेवली, हाताला टोचायला आला, किंवा दाणा घेतला आणि खाल्ला नाही, नुसता टाकला. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचं काम संपलं. बाहुली लहान-मोठी होणं मात्र एकट्यावरून ओळखू नका, ते आनंदातही होतं आणि रागातही, बाकीचं अंग काय सांगतंय ते बघा. आणि थांबताना पक्ष्याला येतं असं एखादं सोपं काम, काडीला चोच लावणं वगैरे, करून घ्या, दाणा द्या आणि मग उठा.

उन्हाळ्यात दुपारी शिकवणी नको. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो, आणि लोकांना वाटतं गातोय. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर लागायच्या आधी किंवा नंतर. कुकरच्या पहिल्या शिट्टीला केशर अजून दचकते. शेजारच्या स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका, त्याचा धूर माणसाला जाणवायच्या आत पक्षी मरतो. गाडी रोज हातात घेऊन बघा. दोरा सुटलाय का, लाकडाला कुस निघालंय का, मोकळं चाक निसटायला आलंय का. घाण झालेला दोरा धुऊ नका, बदला.

वाढदिवसाला, गणपतीत, पाहुणे जमले की "चालवून दाखवा ना" म्हणतात. तीस माणसं, स्पीकर, मोबाइलचे लाइट. मी नाही म्हणतो आणि त्याबद्दल कुणाला वाईट वाटलं तर वाटू देतो. बघायचं असेल त्यानं सकाळी सातला घरी यावं, खुर्चीवर शांत बसावं. केशरला वाटलं तर ती चालवील.

त्या गृहस्थांच्या पक्ष्याचं बोट पंधरा दिवसांत बरं झालं. मी त्यांच्या मुलीला पेनाचं टिक् शिकवलं आणि माझी जुनी गाडी दिली. ती सातवीत आहे, वही व्यवस्थित ठेवते, रोजचं वजन लिहिते. परवा तिचा फोन आला. "आजोबा, तो बोट न लावता चालवतो आता. पण तीन फेऱ्या झाल्या की उतरतो आणि दाण्याच्या वाटीकडे चालत जातो. बाबा म्हणतात पाच झाल्या पाहिजेत. काय करू?"

मी सांगितलं, वाटी तीन फेऱ्यांच्या अंतरावर ठेव.